बुद्धिबळाचं इंजिन आणि तुमचा प्रोसेसर: योग्य फाइल निवडा, वेग मोजा, मग खर्चाचं बघा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या रविवारच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा नवा कोरा लॅपटॉप घेऊन आले. चेहरा उतरलेला. "सर, एवढे पैसे घातले आणि हा घरच्या जुन्या डेस्कटॉपच्याही मागे पडतोय." डेस्कटॉपच्या पडद्याचा फोटो त्यांनी काढून आणला होता. पटावर तीच स्थिती, तेवढाच एक मिनिट वेळ, आणि जुन्या यंत्रावरचं स्टॉकफिश (चाली शोधणारा प्रोग्राम, म्हणजे बुद्धिबळाचं इंजिन) बरंच खोल गेलेलं, म्हणजे कितीतरी चाली पुढचं बघितलेलं. मुलगी शेजारी उभी राहून आळीपाळीने बाबांकडे आणि लॅपटॉपकडे बघत होती.

लॅपटॉपमध्ये काहीच खोट नव्हती. डाउनलोडच्या यादीतली "कुठेही चालेल" अशी सगळ्यात साधी फाइल त्यांनी उचलली होती. जुन्या डेस्कटॉपवर कुणीतरी जाणकाराने त्या प्रोसेसरला साजेशी फाइल बसवून दिली होती. आम्ही फाइल बदलली, चाचणी लावली, आणि पाच मिनिटांत नवा लॅपटॉप पुढे निघून गेला. एक पैसा खर्च न करता.

असे पालक मला वर्षाला चार-पाच तरी भेटतात. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. उदाहरण म्हणून स्टॉकफिश घेतो, कारण ते फुकट आहे, खुलं आहे, आणि जवळपास प्रत्येकजण तेच वापरतो.

आधी "वेग" म्हणजे काय ते

इंजिन विचार करत असताना खिडकीत एक आकडा सारखा हलत असतो. त्याला एनपीएस म्हणतात, म्हणजे सेकंदाला किती नोड पाहिले. नोड म्हणजे चालींच्या झाडातली एक स्थिती. काही ठिकाणी हा आकडा हजारांत दाखवतात, तिथे केएनपीएस लिहिलेलं दिसेल. पालक दोन यंत्रांची तुलना करताना इथेच पहिली चूक करतात. एकावर हजारांतला आकडा असतो, दुसऱ्यावर पुरा.

दुसरी चूक जास्त खोलवरची आहे. एनपीएस म्हणजे इंजिनाची ताकद नव्हे. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेत्या कास्पारोव्हला ३.५–२.५ असं हरवणारा आयबीएमचा डीप ब्ल्यू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती पाहायचा. त्यासाठी त्यात बुद्धिबळाकरता खास घडवलेल्या ४८० चिप बसवल्या होत्या. आजचं स्टॉकफिश साध्या लॅपटॉपच्या एका कोअरवर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग) सेकंदाला दहा लाखांच्या मागेपुढे असतं, आणि तरीही ते डीप ब्ल्यूपेक्षा कितीतरी बलवान आहे. कुठली फांदी सोडून द्यायची आणि स्थितीला किती गुण द्यायचे, हे त्याला फार चांगलं कळतं.

तेव्हा नियम साधा: एनपीएसची तुलना करायची तर इंजिन तेच हवं, आवृत्ती तीच हवी, मांडणी (इंजिनाची सेटिंग्ज) तीच हवी. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आलं. त्यात स्थिती जोखण्यासाठी एनएनयूई हे छोटं न्यूरल नेटवर्क पहिल्यांदा आलं, आणि आधीच्या आवृत्तीच्या तुलनेत एनपीएस चांगलाच घसरला. ताकद मात्र वाढली. नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटलं असतं की इंजिन बिघडलं.

पायरी पहिली: आपल्या यंत्रात काय आहे ते बघा

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स मध्ये जा आणि सीपीयू वर क्लिक करा. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअर किती, लॉजिकल प्रोसेसर किती, एल-२ आणि एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) किती, हे सगळं दिसतं. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही आज्ञा द्या (अक्षरं इंग्रजी, सलग, छोटी). तिच्यात "फ्लॅग्स" नावाची लांबलचक ओळ येते, आणि आपल्याला हवी ती माहिती, म्हणजे प्रोसेसरला कुठल्या सूचना (इन्स्ट्रक्शन्स, त्याला थेट जमणारी मूळ कामं) येतात, ती तिथेच असते. विंडोजवर हीच यादी सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम "इन्स्ट्रक्शन्स" समोर दाखवतो.

नाव कागदावर पूर्ण लिहून घ्या. "आय-फाइव्ह आहे" किंवा "रायझन आहे" एवढ्याने काही कळत नाही. पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर, त्यातच सगळं आहे.

पायरी दुसरी: योग्य फाइल निवडा

सगळ्यात मोठा फायदा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

स्टॉकफिशच्या डाउनलोडमध्ये एकाच आवृत्तीच्या अनेक फाइली असतात. नावाच्या शेवटी शेपटासारखं काहीतरी जोडलेलं असतं: नुसतं एक्स८६-६४, किंवा त्यापुढे एसएसई-४१-पॉपसीएनटी, एव्हीएक्स-२, बीएमआय-२, एव्हीएक्स-५१२, व्हीएनएनआय वगैरे. खेळाच्या दृष्टीने या सगळ्या फाइली तंतोतंत सारख्या आहेत. फरक एवढाच, की प्रोसेसरच्या कुठल्या सूचना वापरायची मुभा इंजिनाला दिली आहे.

या सूचनांचा बुद्धिबळाशी काय संबंध? पटावर घरं ६४, आणि आजच्या प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये (हाताशी असलेल्या छोट्या कप्प्यात) बिट ६४. हा योगायोग इंजिन लिहिणाऱ्यांना लाभलेलं वरदान आहे. "पांढऱ्याची सगळी प्यादी" ही माहिती एकाच ६४ बिटांच्या संख्येत मावते: प्यादं असलेल्या घरी १, नसेल तिथे ०. याला बिटबोर्ड म्हणतात. आता काळ्याच्या राजाभोवतीच्या किती घरांवर मारा आहे हे मोजायचं झालं, तर एका संख्येतले १ मोजायचे. पॉपकाउंट नावाची सूचना हे काम एका फटक्यात करते. इंटेलमध्ये ती २००८ च्या नेहालेम पिढीपासून आहे. साध्या फाइलमध्ये ती वापरायला बंदी असते, म्हणून तिथे इंजिन संख्येचे तुकडे करून तक्त्यात बघत बसतं.

पुढचा प्रश्न हत्ती, उंट आणि वजिराचा. त्यांची वाट मध्ये कोण उभं आहे त्यावर ठरते. स्टॉकफिश सगळ्या शक्यतांची उत्तरं आधीच तक्त्यात मांडून ठेवतं. एकट्या हत्तीच्या तक्त्यात १,०२,४०० नोंदी असतात, ८ बाइटची एक, म्हणजे ८०० केबी. प्रश्न उरतो तो त्यातली नेमकी नोंद कशी शोधायची हा. जुनी रीत अशी: वाटेतल्या मोहऱ्यांच्या बिटांना एका जादुई संख्येने गुणायचं, मग सरकवायचं. बीएमआय-२ मध्ये पेक्स्ट नावाची सूचना आहे. ती हवे तेवढे बिट वेचून एका जागी गोळा करून देते. गुणाकाराची गरजच उरत नाही.

आणि तिसरी गोष्ट, आजच्या घडीला सगळ्यात वजनदार: एनएनयूई. ही कल्पना २०१८ मध्ये यू नासू यांनी शोगीसाठी, म्हणजे जपानी बुद्धिबळासाठी मांडली. एका चालीत पटावरच्या एक-दोन गोष्टीच बदलतात, मग सगळं गणित पुन्हा कशाला करायचं? घोडा जी-१ वरून एफ-३ वर गेला, तर "जी-१ वरचा घोडा" या नोंदीच्या संख्या वजा करायच्या आणि "एफ-३ वरचा घोडा" याच्या मिळवायच्या. बाकी बेरीज तशीच राहते. या संख्या १६ बिटांच्या असतात आणि एका रांगेत शेकड्यांनी असतात. एसएसईच्या १२८ बिटांच्या रजिस्टरमध्ये अशा ८ संख्या एकदम बसतात, एव्हीएक्स-२ च्या २५६ बिटांत १६, एव्हीएक्स-५१२ मध्ये ३२. धान्य निवडताना एका हाताने दाणा दाणा वेचणं आणि सुपात घेऊन पाखडणं, यात जो फरक आहे तोच इथे आहे. अर्थात सूप दुप्पट मोठं केलं म्हणून काम दुप्पट वेगाने होतंच असं नाही. धान्य पोत्यातून काढून आणायलाही वेळ लागतो, आणि प्रोसेसरच्या बाबतीत हे पोतं म्हणजे मेमरी.

आता निवड.

इंटेलचा कोअर आय-३, आय-५, आय-७ असेल आणि तो चौथ्या पिढीचा (२०१३ चा हॅसवेल) किंवा त्यानंतरचा असेल, तर बीएमआय-२ ची फाइल घ्या. डोळे झाकून.

स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉन मात्र जपून. हॅसवेल आणि त्यानंतरच्या अनेक वर्षांत या नावांनी विकलेल्या प्रोसेसरांत एव्हीएक्स-२ नव्हतंच. पिढी नवी, डबा नवा, पण सूचना जुन्या. तिथे एसएसई-४१-पॉपसीएनटी ची फाइल चालवावी लागते. कमी बजेटचा लॅपटॉप घेणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगतो: बुद्धिबळासाठी जुना पण धड आय-५ हा नव्या सेलेरॉनपेक्षा बरा.

एएमडी रायझनमध्ये एक खाचखळगा आहे, आणि तो माहीत नसल्याने कितीजण वेग गमावतात. झेन, झेन+ आणि झेन-२ या पिढ्यांमध्ये बीएमआय-२ "आहे" असं प्रोसेसर सांगतो. पेक्स्ट सूचना चालतेही. पण ती आतून सरळ तारांनी केलेली नाही, छोट्या छोट्या कामांत तोडून पार पाडली जाते, त्यामुळे भलतीच संथ आहे. या पिढ्यांवर बीएमआय-२ ची फाइल तक्रार न करता धावते, पण एव्हीएक्स-२ च्या फाइलपेक्षा हळू. २०२० च्या झेन-३ मध्ये एएमडीने ही सूचना खऱ्या अर्थाने बसवली आणि प्रश्न मिटला. स्टॉकफिश स्वतःच्या यंत्रावर बांधायची, म्हणजे मूळ कोडमधून फाइल तयार करायची सोय आहे. ती बांधणी करणारी स्क्रिप्टही झेन-१ आणि झेन-२ ओळखून त्यांना मुद्दाम एव्हीएक्स-२ च देते.

म्हणजे आपल्याकडचा रायझन कुठल्या झेनचा हे ओळखता यायला हवं, आणि नावावरून ते पटकन कळत नाही. डेस्कटॉपचे ५००० मालिकेतले रायझन झेन-३ आहेत. लॅपटॉपच्या ५००० मालिकेत मात्र सरमिसळ आहे: रायझन ५ ५५००यू हा झेन-२, आणि ५६००यू हा झेन-३. ७००० मालिकेच्या लॅपटॉपमध्ये तिसरा आकडा बघायचा. ७५२०यू मध्ये तो २, म्हणून झेन-२. ७५३०यू मध्ये ३, म्हणून झेन-३. ७५४०यू मध्ये ४, म्हणून झेन-४. दुकानात ७५२०यू आणि ७५३०यू शेजारी शेजारी ठेवलेले असतात, नावात एका आकड्याचा फरक, पण पहिल्यात कोअर ४ आणि दुसऱ्यात ६. हा फरक काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. आपणच विचारायचा.

एव्हीएक्स-५१२ आणि व्हीएनएनआय च्या फाइली फार थोड्यांसाठी आहेत. झेन-४ आणि झेन-५ वर त्या वापरून बघाव्यात. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये एव्हीएक्स-५१२ ची सोय होती, बाराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरांतून ती गेली. त्यामुळे नवीन इंटेलवाल्यांनी हट्ट न धरता बीएमआय-२ घ्यावी.

चुकीची फाइल निवडली तर काय होईल? यंत्राला इजा होत नाही. प्रोसेसरला ती सूचना येत नसेल तर इंजिन सुरू होताच बंद पडतं. लिनक्सवर "इल्लिगल इन्स्ट्रक्शन" असा संदेश येतो. विंडोजवर खिडकी नुसती लुकलुकून मिटते. घाबरू नका, एक पायरी खालची फाइल घ्या.

पायरी तिसरी: बेंच लावा

वरचं सगळं वाचून कंटाळा आला असेल तर एवढं तरी कराच. अंदाज बांधण्यापेक्षा मोजणं सोपं आहे.

स्टॉकफिशच्या फाइलवर दोनदा क्लिक करा. काळी खिडकी उघडेल, त्यात इंजिनाचं नाव आणि पुढे नुसता लुकलुकणारा कर्सर. पट नाही, मोहरी नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं, पण इंजिनाचं मूळ रूप असंच असतं, पट दाखवणारा प्रोग्राम वेगळा. इथे बेंच हा शब्द इंग्रजीत टाइप करा: बी, ई, एन, सी, एच. एंटर दाबा.

पडद्यावर ओळींचा पूर वाहू लागेल. इंजिन ठरावीक पन्नासेक स्थिती एकामागून एक घेतं, प्रत्येकीत १३ च्या खोलीपर्यंत जातं, फक्त एक थ्रेड (एका वेळी चालणारा कामाचा एक धागा) आणि १६ एमबी हॅश (आधी पाहिलेल्या स्थितींची वही) वापरून. काही सेकंदांत पूर थांबतो आणि शेवटी तीन ओळी उरतात: एकूण वेळ मिलिसेकंदांत, पाहिलेले नोड, आणि सेकंदाला नोड.

मधली ओळ नीट बघा. एकाच आवृत्तीच्या कुठल्याही फाइलवर, कुठल्याही यंत्रावर, पाहिलेल्या नोडांची ही संख्या शेवटच्या आकड्यापर्यंत तीच येते. पुण्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर आणि न्यू जर्सीतल्या भाच्याच्या मॅकवरही तीच. ती स्टॉकफिश घडवणाऱ्यांसाठी त्या आवृत्तीची सहीच असते. ती जुळली की समजायचं, दोन्ही यंत्रांनी अगदी तेच काम केलं, आता फरक फक्त वेळेचा. ती जुळली नाही तर आवृत्ती वेगळी आहे किंवा कुणीतरी मांडणी बदलली आहे, आणि मग वेगाची तुलना करण्यात अर्थ नाही.

मोजताना पथ्यं पाळा. ब्राउझर बंद. लॅपटॉप चार्जरला लावलेला. पहिली धाव सोडून द्या, पुढच्या पाच धावा लिहून घ्या आणि चढत्या क्रमात लावून मधला आकडा धरा. समजा एका फाइलचा मधला आकडा ८,००,००० आला आणि दुसरीचा १०,००,०००, तर दुसरी २५ टक्के वेगवान. फरक एक-दोन टक्क्यांचाच असेल तर तो वाऱ्यासारखा समजा, आज इकडे, उद्या तिकडे.

दोन-तीन फाइली अशा पाठोपाठ चालवून जी पुढे येईल ती ठेवा, बाकीच्या पुसून टाका. झेन-२ वाल्यांनी तर बीएमआय-२ आणि एव्हीएक्स-२ दोन्ही चालवून बघाच. वर लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

पायरी चौथी: थ्रेड किती द्यायचे

बेंच एकाच कोअरचा वेग सांगतं. प्रत्यक्षात आपण सगळे कोअर वापरतो, किंवा वापरतोय असं समजतो. स्टॉकफिशमध्ये थ्रेडची मूळ नेमणूक १ आहे. म्हणजे आठ कोअरचा लॅपटॉप घेतला आणि मांडणीत काही बदललं नाही, तर सात कोअर हातावर हात ठेवून बसलेले असतात. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता कुणाचा लॅपटॉप समोर आला की आधी तिथेच बघतो.

पटाच्या प्रोग्राममध्ये इंजिनाची मांडणी उघडा, "थ्रेड्स" शोधा, आणि टास्क मॅनेजरमध्ये दिसलेल्या लॉजिकल प्रोसेसरच्या संख्येतून एक-दोन वजा करून तो आकडा द्या. एक-दोन मोकळे ठेवायचे ते पटाचा प्रोग्राम आणि बाकीची कामं अडकू नयेत म्हणून.

लॉजिकल प्रोसेसर कोअरच्या दुप्पट का दिसतात? एकच कोअर दोन कामं आलटून पालटून हाताळतो: एक काम मेमरीची वाट पाहत अडकलं की दुसरं पुढे ढकलायचं. एकाच शेगडीवर एक भांडं उतरवून दुसरं चढवावं तसं. यातून एनपीएस वाढतो, पण दुप्पट मुळीच होत नाही. पूर्वी बुद्धिबळवाले ही सोय बंद ठेवायला सांगायचे. २०१६ च्या स्टॉकफिश ७ पासून थ्रेडमध्ये काम वाटून घेण्याची रीत बदलली. सगळे थ्रेड जवळपास स्वतंत्रपणे शोध घेतात आणि एकाच सामाईक तक्त्यात नोंदी करतात. या रीतीत जादा थ्रेड सहसा नुकसान करत नाहीत.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून अनेक प्रोसेसरांत दोन जातीचे कोअर असतात, ताकदीचे आणि काटकसरीचे. "दहा कोअर" ऐकून हुरळून जाऊ नका. त्यातले दोनच ताकदीचे आणि आठ काटकसरीचे असू शकतात. बेंचचा आकडा गुणिले दहा असा हिशेब तिथे लागत नाही. शिवाय सगळे कोअर एकदम राबू लागले की प्रत्येकाची गती खाली येते.

सगळे थ्रेड लावून मोजायचं तर मार्च २०२५ च्या स्टॉकफिश १७.१ पासून "स्पीडटेस्ट" नावाची आज्ञा आहे. ती सगळे थ्रेड घेऊन, प्रत्यक्ष डावासारखी परिस्थिती ठेवून दोन-अडीच मिनिटं मोजते. खरेदीच्या तुलनेसाठी मी बेंचपेक्षा हिच्यावर जास्त विश्वास ठेवतो. एक लक्षात ठेवा: एकाहून जास्त थ्रेड असले की दोन धावांत नोडांची संख्या कधीच सारखी येत नाही. तो दोष नाही, थ्रेड एकमेकांच्या नोंदी कुठल्या क्षणी वाचतील हे दर वेळी बदलतं.

पायरी पाचवी: हॅश

हॅश म्हणजे इंजिनाची वही. एकच स्थिती वेगवेगळ्या क्रमाने खेळून येऊ शकते. आधी पाहिलेली असेल तर वहीतून उत्तर उचलायचं. मूळ नेमणूक १६ एमबी. स्टॉकफिश ३२ बाइटच्या कप्प्यात ३ नोंदी ठेवतं, म्हणजे १६ एमबीत साधारण १५.७ लाख नोंदी. सेकंदाला काही लाख स्थिती पाहणाऱ्या इंजिनाला ही वही म्हणजे खिशातली डायरी.

८ जीबी रॅम असेल तर १ जीबी हॅश, १६ असेल तर ४ पर्यंत, हा माझा हिशेब. त्याहून जास्त लोभ धरू नका. रॅम संपून विंडोज डिस्कवर लिहायला लागलं की इंजिन अक्षरशः रांगतं. इंजिनाच्या माहितीत "हॅशफुल" हा आकडा हजारातून दाखवतात. तासभर विश्लेषण करताना तो सतत हजाराला टेकलेला असेल तरच वाढवायचा विचार करा.

वही मोठी झाली की एक वेगळाच अडथळा येतो. प्रोसेसरला मेमरीचे पत्ते लक्षात ठेवायला स्वतःची छोटी यादी असते, आणि मेमरी साधारणपणे ४ केबीच्या पानांत वाटलेली असते. काही जीबीची वही म्हणजे लाखो पानं, यादी अपुरी पडते. २ एमबीची मोठी पानं वापरली तर हा त्रास कमी होतो. स्टॉकफिशच्या माहितीपत्रात यामुळे सहसा ५ ते १० टक्के आणि कधी ३० टक्क्यांपर्यंत वेग वाढल्याचं नमूद आहे. लिनक्सवर इंजिन हे आपोआप मागून घेतं. विंडोजवर "लॉक पेजेस इन मेमरी" ही परवानगी द्यावी लागते. नवशिक्याने सुरुवातीला त्यात पडू नये.

पायरी सहावी: उष्णता

दुकानातल्या पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात लॅपटॉप कसा पळतो, यावर जाऊ नका. पातळ लॅपटॉप पहिलं मिनिट जोरात धावतो, मग तापतो, आणि स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या दुपारी पंख्याखाली बसून हे करून बघा, फरक कानाला ऐकू येतो. पंखा घोंघावत राहतो आणि एनपीएस उतरत जातो.

चाचणी सोपी आहे. सुरुवातीची स्थिती ठेवून इंजिनाला वेळेची मर्यादा न घालता सोडा. पहिल्या मिनिटाच्या शेवटी एनपीएस लिहा, दहाव्या मिनिटाच्या शेवटी पुन्हा लिहा. विश्लेषण करायला तुमच्या कामाचा आकडा दुसरा. फार घसरण दिसली तर आधी गादीवरून, मांडीवरून उचलून लॅपटॉप टणक टेबलावर ठेवा, मागची बाजू बोटभर उचला, धूळ साफ करून घ्या. विंडोजमध्ये वीज वाचवण्याची पद्धत सुरू असेल तर ती बदला. कधी कधी थ्रेड दोन कमी केले तर यंत्र थंड राहतं आणि एकूण वेग फारसा कमी होत नाही, तेही करून बघण्यासारखं आहे.

फोनवर आणि ब्राउझरमध्ये

फोनमध्ये एआरएम जातीचा प्रोसेसर असतो. अँड्रॉइडसाठीच्या स्टॉकफिशमध्ये आर्मव्ही-८ आणि त्यापुढे डॉटप्रॉड जोडलेली अशा फाइली मिळतात. अलीकडच्या बहुतेक फोनांवर दुसरी चालते आणि जास्त वेगाने चालते. ड्रॉइडफिशसारख्या ॲपमध्ये इंजिन आधीच बसवलेलं असतं, तिथे काही निवडायचं नाही. फोनवर रोज दहा मिनिटं डाव तपासायला हरकत नाही, तासन्‌तास विश्लेषण करत बसू नका. बॅटरी आणि फोन दोन्ही शिजतात.

ब्राउझरमधलं इंजिन सोयीचं असतं, पण ते मधल्या एका भाषेतून चालतं आणि प्रोसेसरच्या रुंद सूचना त्याला पूर्ण वापरता येत नाहीत. तोच लॅपटॉप, पण थेट चालवलेलं इंजिन बरंच पुढे असतं. दोन यंत्रांची तुलना ब्राउझरमध्ये करू नका.

ग्राफिक्स कार्डाबद्दल

दुकानदार "चेससाठी ग्राफिक्स कार्डवाला घ्या" म्हणाला तर विचारा, कुठल्या इंजिनासाठी? स्टॉकफिश ग्राफिक्स कार्डाला हातही लावत नाही. लीला चेस झीरो हे इंजिन मात्र मोठ्या न्यूरल नेटवर्कवर उभं आहे आणि त्याला चांगलं कार्ड हवंच. ते स्टॉकफिशच्या तुलनेत फार थोड्या स्थिती पाहतं, पण प्रत्येकीवर खूप जास्त गणित करतं. त्यामुळे या दोघांचे एनपीएस शेजारी ठेवून काही निष्पन्न होत नाही. मुलगा शिकतोय, स्पर्धा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या आहेत, तर कार्डाचे पैसे वाचवा. त्यात वर्षभराची स्पर्धांची फी निघेल.

किती वेग पुरे?

आजचं इंजिन इतकी छाटणी करतं, की वेग दुप्पट झाला तर त्याच वेळात ते साधारण एखादीच पायरी अधिक खोल जातं. तीस हजारांच्या आणि लाखाच्या लॅपटॉपमध्ये वेग चौपट असला, तरी शिकणाऱ्या मुलाला दिसणारी उत्तम चाल दहापैकी नऊ वेळा तीच असेल. पत्रव्यवहाराने डाव खेळणारे, ग्रँडमास्टरांसाठी ओपनिंग शोधणारे, त्यांना हा फरक मोलाचा आहे. आपल्याला नाही. म्हणून माझं सरळ मत: एव्हीएक्स-२ असलेला, चार धड कोअरचा, ८ जीबी रॅमचा, नीट थंड राहणारा कुठलाही लॅपटॉप घ्या, वापरलेला असला तरी चालेल. योग्य फाइल, योग्य थ्रेड, योग्य हॅश, एवढं केलंत की जो वेग मिळेल तो पुरून उरेल.

एंडगेमचे तयार तक्ते, म्हणजे सिझिगी, बसवायचे असतील तर तिथे प्रोसेसरपेक्षा डिस्क महत्त्वाची. पाच मोहऱ्यांपर्यंतचे तक्ते साधारण १ जीबीत मावतात, सहापर्यंतचे दीडशे जीबीच्या घरात जातात. एसएसडी असेल तरच सहाचा विचार करा.

आणि एक काम आजच करा. त्या मुलीच्या बाबांनी केलं तसं. लॅपटॉपच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा: स्टॉकफिशची आवृत्ती, फाइलचं शेपूट, बेंचचा मधला आकडा, दहाव्या मिनिटाचा एनपीएस आणि तारीख. विंडोजचं मोठं अपडेट झालं, रॅम बदलली, किंवा उन्हाळा सुरू झाला की पुन्हा मोजायचं आणि खाली नवी ओळ लिहायची. त्यांच्या चिठ्ठीवर आता तीन ओळी आहेत, आणि तिसरी मुलीच्या अक्षरात आहे.